कॉलेजचा फुटबॉल संघ पुन्हा उभा करतोय, पण दम कुणालाच नाही. काय करावं?

बालाघाटचा_गोलकीपर (जि. बीड):

नमस्कार मंडळी. थेट मुद्द्यावर येतो, नाहीतर आमच्या कार्यक्रमांसारखं प्रास्ताविकातच जेवायची वेळ व्हायची.

बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात मी शारीरिक शिक्षण बघतो. तासिका तत्त्वावर. संचालकाची जागा रिकामी आहे, ती कधी भरणार ते विचारू नका. एकेकाळी या कॉलेजचा फुटबॉल संघ विद्यापीठात शेवटच्या चारात असायचा. ढाली अजून ऑफिसातल्या कपाटावर आहेत, त्यांच्यावर परीक्षा विभागानं जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे रचून ठेवलेत. जुने सर रिटायर झाले, अर्ध्या मैदानावर नवी इमारत आली अन् संघ गेला तो गेलाच. मधली काही वर्षं तर एन्ट्रीसुद्धा पाठवली नव्हती कुणी.

मी आल्यावर पुन्हा सुरू केलं. पहिल्या वर्षी पहिल्याच सामन्यात आठ-शून्य. यंदा चार-एक. ज्याला फुटबॉल कळतं त्याला यातला फरक सांगायची गरज नाही. हाफटाइमला एक-एक होतं. आमच्या लेफ्ट विंगरनं कॉर्नरच्या झेंड्याजवळून असा काही क्रॉस टाकला की त्यांचा कीपर बघतच राहिला आणि आमच्या बारक्यानं छातीनंच ढकलला आत. दुसऱ्या हाफात मात्र पोरांच्या पोटऱ्यांत गोळे आले. साठाव्या मिनिटानंतर तीन खाल्ले.

परत आलो तर प्राचार्य म्हणाले, "म्हणजे यंदाही पहिल्याच फेरीत ना?" आता याला उत्तर काय देता?

संस्थेचं म्हणणं असं की फुटबॉलचा पैसा कबड्डीला द्या, निदान नॅकच्या (कॉलेजांना दर्जा देणाऱ्या संस्थेच्या) फाइलीत एखादं पदक तरी दिसंल. पुढच्या वर्षी एक सामना जिंका, नाहीतर एन्ट्री पाठवू नका, असं तोंडी सांगून झालंय.

अडचणींची कमी नाही. मैदान काळ्या मातीचं. जुलै-ऑगस्टात बुटाला चिखलाचा असा थर बसतो की पाय उचलंना, आणि मार्चनंतर भेगा पडतात त्यात घोटा जातो. निम्मी पोरं धारूर-वडवणीकडच्या वाड्या-तांड्यांवरची. दसरा झाला की आईबापासंग ऊसतोडीला कारखान्यावर. माझ्या स्टॉपरच्या (मधल्या बचावपटूच्या) घरच्यांनी मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते, त्यामुळे "यंदा राहू द्या त्याला" असं म्हणायची सोय नाही. सगळ्यात दणकट पोरगा तोच, आणि सहा महिने तो कोयत्यावर. बाकीची पोलीस भरतीच्या मागं. पहाटे हायवेच्या कडेनं पळताना शंभर दिसतील, फुटबॉलला या म्हणलं की "सर, पाय दुखावला तर भरती जायची."

तर प्रश्न असा, की मोडलेला संघ उभा करताना किती वर्षं दम धरायचा असतो? आणि तोवर वरच्यांना दाखवायचं काय? कुणी असं केलेलं असंल किंवा जवळून बघितलेलं असंल त्यांनी लिहा. "मेहनत करा, यश मिळेल" हे आमच्या भिंतीवर रंगवलेलं आहे, ते नको.

---

लातूरचा_स्टॉपर:

सर, रागावू नका, पण कबड्डीच करा. चटई नसली तरी भागतं, सात पोरं लागतात, पाऊस लागत नाही. आमच्या लातुरात अकरावी-बारावीचं पोरगं मैदानावर सापडलं तर घरचे हुडकत येतात, सगळी नीटच्या बॅचला. फुटबॉलला अकरा अन् वर बदली चार-पाच कुठून आणायचे? मी स्वतः चार वर्षं खेळलो म्हणून बोलतोय. तुमची संस्था चुकीचं बोलत नाही.

---

बालाघाटचा_गोलकीपर:

कबड्डीचा संघ आहे आमचा, चांगला आहे, त्याला मी हात लावत नाही. पण कबड्डीत न बसणारी, हडकुळी, पळणारी पोरं आहेत ना, त्यांचं काय करू? तो लेफ्ट विंगर बावन्न किलोचा आहे. त्याला कबड्डीत कोण घेतंय!

---

जोंधळा_परभणी:

सर, मी परभणीचा. कृषी विद्यापीठातून एम.एस्सी. केली आणि ज्वारीवर पीएच.डी. करायला अमेरिकेत कॅन्सस राज्यात गेलो. गावाचं नाव मॅनहॅटन. न्यूयॉर्कचं ते नव्हे. हे म्हणजे गहू, ज्वारी, गायी आणि वारा. वस्ती आपल्या सेलूपेक्षा थोडी जास्त, आणि त्या गावात कॉलेजच्या फुटबॉलसाठी ५०,००० माणसांचं स्टेडियम! तिथलं फुटबॉल आपल्यासारखं नाही. लांबट चेंडू हातात घेऊन पळायचं, डोक्यावर हेल्मेट, समोरच्याला आडवा करायचा. पण तुमचा प्रश्न त्या गावानं अक्षरशः भोगलाय, म्हणून लिहितो. लांबेल, चहा घेऊन बसा.

कॅन्सस स्टेट युनिव्हर्सिटीचा संघ १९८७ साली अकरा सामन्यांत दहा हरला, एक बरोबरीत सुटला. १९८८ मध्ये अकराच्या अकरा हरला. वरच्या श्रेणीत ५०० पराभवांचा आकडा सगळ्यात आधी गाठणारं कॉलेज हेच. म्हणजे तुमचं आठ-शून्य तिथं कुणी मनावर घेतलं नसतं. त्या वेळी बिल स्नायडर नावाचा माणूस मुख्य प्रशिक्षक म्हणून आला. वय ४९, आधी आयोवाला दुसऱ्याच्या हाताखाली काम केलेलं.

पहिल्या वर्षी, १९८९ मध्ये, तो किती सामने जिंकला? एक. ३० सप्टेंबरला नॉर्थ टेक्सासविरुद्ध २०-१७, तोही अगदी शेवटच्या क्षणी. जवळजवळ तीन वर्षांनी मिळालेला विजय होता तो. बाकीचे दहा हरले. पुढच्या वर्षी पाच जिंकले, १९९१ ला सात, आणि १९९२ ला पुन्हा पाचच. हे १९९२ नीट बघा. गाडी वर चढता चढता मागं घसरली, आणि आपल्याकडे असतं तर नेमक्या त्याच साली "आता पुरे" म्हणून ठराव झाला असता. १९९३ ला नऊ जिंकले. १९९८ ला साखळीतले अकराच्या अकरा जिंकले. २०१२ ला त्यांनी आपल्या गटाचं विजेतेपद घेतलं तेव्हा मी तिथंच होतो. प्रयोगशाळेत त्या दिवशी कुणी काम केलं नाही, आमच्या गाइडनंसुद्धा. स्टेडियमला आज त्या माणसाच्या कुटुंबाचं नाव आहे.

आता त्यानं केलं काय, हे मी तिथल्या जुन्या लोकांकडून बरंच ऐकलं. एक तर सोळा गोष्टींची यादी केली होती. तीत "अमुक सामने जिंकायचे" असं काही नव्हतं. रोज आधीपेक्षा थोडं बरं व्हायचं, एकमेकांना धरून राहायचं, अशा गोष्टी होत्या. दुसरं म्हणजे, गटाबाहेरचे सामने त्यानं मुद्दाम हलक्या संघांशी ठेवले. त्यावरून लोकांनी पुष्कळ नावं ठेवली, टीव्हीवर थट्टा केली. त्यानं ढुंकून पाहिलं नाही. हरायचीच सवय लागलेल्या पोरांना जिंकल्यावर कसं वाटतं हे कुठंतरी कळायला हवं ना! तिसरं, पोरं कुठून आणली? आसपासच्या दोन वर्षांच्या छोट्या कॉलेजांतून, ज्यांच्याकडे मोठी कॉलेजं बघत नव्हती. आणि नव्या पोरांना पहिलं वर्ष न खेळवता नुसतं तयार करायची तिथं रीतच आहे. चार हंगाम खेळायला पाच वर्षं मिळतात.

पण सर, तुमच्यात आणि स्नायडरमध्ये खरा फरक पैशाचा नाही असं मला वाटतं. फरक सामन्यांचा आहे. त्याचा सगळ्यात वाईट हंगामसुद्धा अकरा सामन्यांचा होता. हल्ली बारा असतात. पहिला हरला तर पुढच्या शनिवारी दुसरा. प्रत्येक सामन्यात काय सुधारलं ते दिसतं, प्रेक्षकालाही आणि अध्यक्षालाही. आपली आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा बाद फेरीची. पहिला सामना हरला की बूट धुऊन ठेवायचे ते थेट पुढच्या ऑगस्टात काढायचे. वर्षभराची मेहनत नव्वद मिनिटांत मोजली जाते, त्यातही ड्रॉ वाईट निघाला तर समोर गतविजेते. असल्या मोजणीत प्राचार्यांनी दम धरायचा तरी कशाच्या भरवशावर? त्यांना दिसतं काय, तर दोन वर्षांत दोन सामने, दोन्ही हरलेले. दोष त्यांचा नाही.

म्हणून पहिलं काम हंगाम तयार करायचं. जून ते सप्टेंबर महिन्यातून तीन तरी सामने. शेजारच्या तालुक्याची कॉलेजं, पोलीस मुख्यालयाची पोरं, गावातला एखादा क्लब, अकरावी-बारावीची टीम विरुद्ध सिनियर. काही मुद्दाम सोपे ठेवा. आणि प्रत्येक सामन्याची वही ठेवा, निकालाची नव्हे: साठ मिनिटांनंतर किती गोल खाल्ले, किती पोरांना गोळे आले, सरावाला किती आले. तुमच्याच सांगण्यावरून बघा, हाफटाइमला एक-एक होतं आणि तीन गोल शेवटच्या अर्ध्या तासात खाल्ले. याचा अर्थ तुम्हाला खेळ शिकवायचा नाही, दमसास वाढवायचाय. भरतीवाली पोरं वर्षभर तेच करत असतात, नाही का?

ज्वारी पोटऱ्यात असताना कुणी कणसाचं वजन मागत नाही. पेरा किती उगवला, ताटं किती, खोडमाशी किती, हे बघतात. तुमच्या वहीत ती मधली मोजणी पाहिजे, एवढंच.

एक मात्र सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा नुसता दम धरा म्हणतोय. कॅन्ससला लागूनच नेब्रास्का राज्य आहे. तिथल्या विद्यापीठानं २०१८ ला आपलाच जुना हिरो आणला, स्कॉट फ्रॉस्ट. खेळाडू असताना त्यानं १९९७ चं राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलेलं, त्यामुळे घरचाच माणूस म्हणून लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं, वेळ दिला. १६ जिंकले, ३१ हरले. २०२१ ला नऊ सामने हरले आणि नऊच्या नऊ दहापेक्षा कमी गुणांनी! दर आठवड्याला "थोडक्यात गेलं." तेच थोडक्यात वर्षानुवर्षं जात राहिलं, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये त्याला काढला. थोडक्यात हरणं ही पहिल्या वर्षी सुधारणा असते. चौथ्या वर्षीही त्याच पद्धतीनं थोडक्यात हरत असाल तर तो आजार आहे. चार-एकचं पुढच्या वर्षी दोन-एक झालं तर चांगलं, पण तेही शेवटच्या अर्ध्या तासातच खाल्ले तर मग प्राचार्य बरोबर आहेत.

आणि इंडियाना विद्यापीठासारखी उदाहरणं कुणी तोंडावर फेकली तर घाबरू नका. २०२३ ला तीन विजय, २०२४ ला नवा प्रशिक्षक आल्यावर एकदम अकरा. तो आपल्या आधीच्या कॉलेजातले बरेच तयार खेळाडू सोबत घेऊन आला. हल्ली तिथं खेळाडूंना कॉलेज बदलणं सोपं झालंय. तुम्ही काय बीडहून कोल्हापूरच्या पेठेतली पोरं उचलून आणणार आहात का?

---

लातूरचा_स्टॉपर:

एवढं मोठं उत्तर! पण ते हंगामाचं पटलं. आम्हीपण चार वर्षांत मोजून चारच सामने खेळलो, प्रत्येक वर्षी एक. बाकी सगळा सराव. आज कळलं आपण का सुधारलो नाही.

---

गोदाकाठ (नांदेड, निवृत्त शिक्षक):

चर्चा वाचून राहवले नाही. अमेरिकेची गोष्ट उत्तम आहे, परंतु आपल्या अंगणातलीही एक आहे. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता हे तरुण मंडळी विसरतात. त्या हैदराबादेत सय्यद अब्दुल रहीम नावाचे शिक्षक होते. आमच्या लहानपणी वडीलधाऱ्या मंडळींच्या तोंडी "रहीम साब" हे नाव असे, कारण त्यांनी घडवलेल्या हैदराबाद सिटी पोलिसांच्या संघाने १९५० ते १९५४ असा सलग पाच वर्षे फुटबॉलचा मानाचा रोव्हर्स करंडक जिंकला होता.

हेच रहीम भारतीय संघाचे प्रशिक्षक. १९५१ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळाले. आणि लगेच पुढच्या वर्षी, १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये, युगोस्लाव्हियाने आपल्याला १०-१ असे धुतले. आपले बहुतेक खेळाडू अनवाणी होते, थंडी आणि ओले मैदान. आज असा निकाल लागला तर संध्याकाळच्या आत प्रशिक्षक घरी बसेल. रहीम यांना मात्र कायमचे बाजूला केले नाही. बूट घालणे सक्तीचे झाले. १९५६ ला मेलबर्नला भारत चौथा आला, यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ ने हरवून. मुंबईच्या नेव्हिल डिसूझाने तीन गोल केले. उपांत्य फेरीत समोर पुन्हा युगोस्लाव्हियाच होता, पुन्हा हरलो, पण ४-१. १९६२ ला जकार्तात दक्षिण कोरियाला २-१ ने हरवून आशियाई सुवर्ण. पुढच्याच वर्षी रहीम वारले.

गोलकीपर सर, १०-१ चे ४-१ व्हायला चार वर्षे लागली, आणि मेलबर्नलाही संघाबरोबर रहीमच होते. तुमचे आठ-शून्यचे चार-एक एका वर्षात झाले आहे!

रहीम यांची आणखी एक युक्ती सांगतो. खेळाडूंनी सवयीचा पाय वापरायचाच नाही, अशा स्पर्धा ते भरवीत. तुमच्या चिखलात तसेही पळता येत नाही. त्या महिन्यात पोरांना नावडत्या पायाने छोटे पास खेळायला लावा. साधने लागत नाहीत.

(कबड्डीविषयी माझा काहीही राग नाही. मीही खेळलो आहे.)

---

मैदानवाली_ताई (जालना):

सर, मी पण क्रीडा विभागच बघते, जालना जिल्ह्यात. वरची सगळी चर्चा छान आहे, पण सोमवारी सकाळी काय करायचं ते बोलू.

तुमच्याकडे ज्युनियर कॉलेज जोडून आहे का? असंल तर सिनियरच्या पोरांकडं बघणं थोडं कमी करा. बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आलेलं पोरगं तीन वर्षांत जातं, आता नव्या धोरणात चौथं वर्ष धरलं तरी किती जण थांबतात ते तुम्हाला माहीत आहे. अकरावीत धरलं तर पाच वर्षं मिळतात. शिवाय एकोणीस वर्षांखालच्या शालेय स्पर्धेत जिल्हा, मग विभाग, असे वेगळे सामने मिळतात, परभणीकर दादा म्हणतात तो हंगाम तिथंच अर्धा तयार होतो. अकरावीचा प्रवेश संपला की जुलैमध्ये वर्गावर्गात जाऊन विचारा, शाळेत कोण खेळलंय. मी फक्त "लंगडी, खो-खो कोण खेळलंय" एवढंच विचारते. खो-खोतली पोरं दिशा फार पटकन बदलतात, फुटबॉलला सोनं.

सरावाची वेळ एसटीवर ठरवा. तुमची वाड्यांवरची पोरं दुपारी दोनला शेवटचा तास संपला की पाचच्या गाडीपर्यंत स्टँडवर बसून असतात. आम्ही तीन ते साडेचार करतो. ऊन असतं, पण पोरं असतात. पहाटेचा सराव कागदावर चांगला दिसतो, येतात मात्र गावातलीच पाच-सहा.

भरतीवाल्यांशी भांडू नका. सोळाशे मीटर, शंभर मीटर, गोळाफेक, मिळून पन्नास मार्क आहेत, ते त्यांचं पोट आहे. त्यांना सांगा, आठवड्यातून दोन दिवस या, टॅकल करणार नाही, फक्त छोट्या मैदानावर सात-सात मिनिटांचे डाव. सोळाशेचा टायमिंग कमी झाला की ते स्वतःच दोस्ताला घेऊन येतात. आणि खेळाडूंना सरकारी नोकरीत ५ टक्के आरक्षण आहे हे त्यांना ठाऊक असतं, पण कुठल्या पातळीचं प्रमाणपत्र चालतं ते नसतं. आंतरमहाविद्यालयीन पहिल्या फेरीचा कागद त्यासाठी चालणार नाही, हे आधीच सांगून टाका. खोटी आशा दाखवून आणलेलं पोरगं महिन्यात जातं.

तुमच्या स्टॉपरचं मन दुखतं वाचून. उचल घेतलेल्या घराला आपण काय सांगणार? पण ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृहं आहेत, तिथं जागा मिळते का चौकशी करा, त्याच्या धाकट्या भावंडांसाठीसुद्धा. नाहीच झालं तर त्याचा हंगाम जून ते दसरा एवढाच धरा आणि विद्यापीठाची तारीख त्याच्या आत पडते का बघा. आमच्याकडे दोन वर्षं पडली.

राहता राहिले प्राचार्य. त्यांना "धीर धरा" म्हणू नका, कुणालाच ते आवडत नाही. लेखी अर्ज द्या, एक पान. खाली तीन ओळी: यंदा किती मैत्रीपूर्ण सामने, अकरावीची किती पोरं, आणि कोणत्या वर्षी कोणती फेरी गाठली नाही तर मी स्वतः संघ बंद करायला सांगीन. शेवटची ओळ महत्त्वाची. मुदत आपण दिली की वरचे देत नाहीत. मला तीन वर्षं अशीच मिळाली. अर्जावर आवक क्रमांक घ्या मात्र, तोंडी कबुली एप्रिलमध्ये विसरली जाते.

---

जोंधळा_परभणी:

ताईंनी शेवटची जी ओळ सांगितली त्याला तिथलंच एक उदाहरण: व्हर्जिनिया टेक या कॉलेजचा प्रशिक्षक फ्रँक बीमर. १९८७ ला आला, सहाव्या वर्षी म्हणजे १९९२ ला अकरापैकी दोनच जिंकले. कॉलेजनं त्याला ठेवला, पण हाताखालच्या प्रशिक्षकांत बदल करायला लावले. १९९३ ला नऊ जिंकले, आणि तिथून पुढं तो असेपर्यंत सलग २३ वर्षं त्यांचा संघ हंगामानंतरच्या मानाच्या सामन्याला गेला. नुसता दम दिला नाही, दमासोबत अट घातली.

---

बालाघाटचा_गोलकीपर:

सगळ्यांचे मनापासून आभार. गुरुजी, तुमचं १०-१ मी स्टाफरूमच्या फळ्यावर लिहून आलो, खाली ४-१ आणि साल. इतिहासाच्या सरांनी पहिल्यांदा फुटबॉलवर माझ्याशी अर्धा तास गप्पा मारल्या.

अर्ज लिहिलाय. मुदत तीन वर्षांची मागितली, तिसऱ्या वर्षी दुसरी फेरी नाही गाठली तर एन्ट्री बंद, असं माझ्याच अक्षरात. सही करताना हात जरा अडखळला, कारण तिसऱ्या वर्षी मी इथं असंन का हेच तासिकावाल्याला माहीत नसतं. ज्युनियर जोडलेलं आहे, पण तिथल्या सरांचं म्हणणं अकरावीची पोरं "आमची" आहेत. त्यांना उद्या चहाला बोलावलंय.

लातूरकर भाऊ, तुम्ही स्टॉपर होता ना? आमच्याकडे दसऱ्यानंतर ती जागा रिकामी होते. एखाद्या रविवारी येऊन नव्या पोराला उभं कसं राहायचं एवढं दाखवून जा. जेवण आमच्याकडे.

ताई, एक विनंती. जुलैच्या शेवटी तुमच्या संघाशी सामना ठेवता येईल का? जिंकलो-हरलो तरी चालंल, मला साठ मिनिटांनंतरचं बघायचंय.

---

मैदानवाली_ताई:

या की. शनिवार ठेवू, रविवारी आमच्या मैदानावर क्रिकेटवाले असतात. पंच आमच्याकडचा, तो ऑफसाइडला जरा कच्चा आहे, आधीच सांगते. शिनगार्ड तुमचे आणा, आमच्याकडे पुरेसे नाहीत. आणि सोबत अकरावीची चार पोरं नक्की आणा, शेवटची वीस मिनिटं दोन्हीकडून त्यांनाच खेळवू.

---

लातूरचा_स्टॉपर:

मी येतो. मटण असंल तर दोन रविवार येतो.